कमरेत दुखतंय? अभिनंदन!

‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणत माणूस समोर येतो आणि खुर्चीवर एकाच कुल्ल्याने टेकतो. हा गॅप मला आजवर एकाही एमआरआयमध्ये सापडलेला नाही. झालेलं असतं उलटंच. दोन मणक्यांमधली गादी मागच्या बाजूला फुगते, आतला मऊ गर बाहेर डोकावतो आणि शेजारच्या नसेला खेटतो. कमरेच्या पाच मणक्यांपैकी बहुधा चौथ्या-पाचव्यामधली गादी, नाहीतर पाचव्याच्या खालची. मग कळ कमरेत थांबत नाही. कुल्ला, मांडी, पोटरी असे थांबे घेत ती एसटीसारखी पावलापर्यंत उतरते.

तिला परतीच्या गाडीत बसवणं, एवढाच आमचा व्यायाम. ही वाट न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांना १९५६ साली चुकूनच सापडली. डोक्याकडची बाजू वर उचललेल्या टेबलावर एक रुग्ण तसाच पालथा पडून राहिला. मॅकेन्झी येऊन पाहतात तो पायातली कळ गायब!

तेव्हा सतरंजीवर पालथं पडायचं. गादीवर नाही, तिथे कंबर खड्ड्यात जाते. हात अंगालगत, मान एका बाजूला, दोन-तीन मिनिटं. (नुसत्या पडण्याला व्यायाम म्हणायला लोकांची जीभ वळत नाही. फी देताना तर मुळीच नाही.) मग कोपरांवर टेकून तेवढाच वेळ. ते सोसलं तर तळवे खांद्यांखाली ठेवून हात सरळ करत छाती वर न्यायची आणि लगेच खाली यायचं. असं दहा वेळा. कंबर सैल आणि ओटीपोट जमिनीकडेच. जोर हातांचा, पाठीचा नव्हे.

इथेच घोळ होतो. तालमीची हौस असलेले ओटीपोटही उचलतात आणि दंड मारायला लागतात. काही जण कुल्ले असे आवळतात की कमरेला वाकायला जागाच उरत नाही. शिवाय दर दोन तासांनी दहा, दिवसातून सहा-आठ वेळा, असं सांगितलं की सोयीस्कर गुणाकार करून सकाळीच साठ उरकणारे भेटतात. त्यातून सकाळची वेळ वाईट. मणक्यांमधली गादी रात्रभर पाणी शोषून टम्म फुगलेली असते, म्हणून उठल्यावर पहिला तासभर वाकायचं नसतं. नेमकं तेव्हाच बेसिनवर ओणवं होऊन दात घासायचे असतात, बादली उचलायची असते आणि शेजारच्या काकांनी सुचवलेले सूर्यनमस्कारही घालायचे असतात.

खरी मजा आठवडाभराने येते. ‘पोटरीतलं गेलं, पण कंबर जास्त दुखतेय!’ माणूस तक्रारीच्या सुरात सांगतो आणि माझा चेहरा खुलतो. पैसे देऊन दुखणं वाढवून घेतल्याची त्याची खात्री पटते. पण कळ वर सरकणं हीच चांगली खूण. कंबर दुखली तरी चालेल, पाय सुटला पाहिजे. उलट व्यायामानंतर कळ आणखी खाली उतरून तिथेच ठाण मांडत असेल तर थांबायचं, निश्चय वगैरे दाखवायचा नाही. हा व्यायाम सगळ्यांना मानवत नाही. कुणाला आधी कंबर आडवी सरकवावी लागते, तर कुणाला वेगळंच काही. आणि लघवी अडली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा चालताना चप्पल निसटून पाऊल फटफटायला लागलं, तर सतरंजी गुंडाळा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे विनोद नाही.

बाकी वेळ बसण्यात जातो आणि सगळ्यात घातक वस्तू म्हणजे घरातला मऊ सोफा. बसताना कमरेचा पट्टा येतो त्या उंचीवर पाठीमागे टॉवेलची गुंडाळी ठेवा म्हटलं, की दोन दिवसांत ती मानेखाली पोचते आणि माणूस आडवा.

पाय मोकळा होऊन काही आठवडे गेले की वाकणं पुन्हा शिकवायचं असतं: उताणं झोपून गुडघे पोटाशी, हळूहळू, दहा वेळा आणि शेवटी पुन्हा पालथं. हा धडा बहुतेकांचा राहूनच जातो. कारण पाय मोकळा झाला की माणूसही मोकळा होतो आणि गणपतीच्या आदल्या दिवशी माळ्यावरची ट्रंक काढायला स्टुलावर चढतो.