स्लिपर ऑर्किडची कुंडी पूर्ण सुकू देऊ नये
‘ऑर्किड कोणतेही असो, कुंडी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये’ हा समाजमाध्यमांवर फिरणारा सल्ला स्लिपर ऑर्किडला, म्हणजे पॅफिओपेडिलमला, लागू पडत नाही. डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडच्या फुगीर खोडांत पाणी साठते. पॅफिओपेडिलमला असे खोडच नसते, आणि ईशान्य भारतातील त्याच्या अनेक जाती सावलीतल्या ओलसर पालापाचोळ्यात वाढत असल्याने मुळे सुकली की झाड लवकर खचते. म्हणून कुंडीतले झाडाच्या सालीच्या तुकड्यांचे मिश्रण सतत किंचित दमट असावे. मात्र बशीत पाणी साचू देऊ नये आणि पानांच्या बेचक्यात ते रात्रभर राहू नये, यासाठी सकाळीच पाणी घालावे. मुळे कुजण्याचे कारण पुष्कळदा पाणी नसून जुनी, कुजलेली साल असते. ती एक-दोन वर्षांनी बदलावीच.