‘नागपूरकराला मेलबर्नचं ऊन काय करणार?’ बरंच काही

डिसेंबर उजाडला, म्हणजे इथला उन्हाळा लागला, की ऑस्ट्रेलियातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. दरवर्षी त्यात थोडी भर पडते, पण गाभा तोच: ‘आपण ४५-४६ अंशांत वाढलेली माणसं, इथल्या ४३ चा बाऊ कशाला? खिडक्या सताड उघडा, पंखा फुल्ल ठेवा, एसी लावायचाच तर १६ वर लावा, खिशात कांदा ठेवा, आणि उन्हातून आल्यावर गार पाणी अजिबात पिऊ नका, रक्तवाहिनी फुटते.’ खाली हमखास ‘घरातल्या ज्येष्ठांना जरूर पाठवा’. माझा सगळ्यात मोठा आक्षेप या शेवटच्या ओळीला आहे, कारण या सल्ल्याने ज्यांचं सर्वात जास्त वाटोळं होईल ते ज्येष्ठच.

आधी ‘आपल्याला सवय आहे’ हे बघू. शरीर उन्हाला सरावतं, हे खरंच आहे. घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. पण हा सराव व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि उन्हापासून लांब राहिलं की काही आठवड्यांत तो जातोही. नागपूर-चंद्रपूरला मार्चपासून पारा चढत जातो, ४५ येईपर्यंत शरीर कधीच तयार झालेलं असतं. मेलबर्नचं जानेवारीतलं सरासरी कमाल तापमान २६ च्या आसपास. आठवडाभर चोवीस-पंचवीस आणि मग एकदम ४२. म्हणूनच इथलं हवामान खातं उष्णतेच्या लाटेची तीव्रता ठरवताना नुसता आकडा धरत नाही. लागोपाठ तीन दिवसांचं दिवसाचं आणि रात्रीचं तापमान त्या गावाच्या नेहमीच्या हवेशी ताडून बघतं, आणि मागच्या तीस दिवसांशीही. लहानपणी नागपूरच्या धंतोलीत काढलेल्या उन्हाळ्यांना या हिशेबात जागा नाही. आणि नातवंडांना भेटायला डिसेंबरात पुण्याहून आलेले आई-बाबा तर कपाटातले स्वेटर घालूनच विमानात बसलेले असतात!

दुसरं म्हणजे घर. विदर्भातल्या जुन्या घरांना जाड भिंती, खिडकीला कूलर, वाळ्याचे पडदे, रात्री गच्ची. आणि दुपारी रस्ते ओस. बाहेर पडायचं नाही हा अलिखित कायदा. इथलं घर म्हणजे बहुतेकदा लाकडी सांगाडा, बाहेरून विटांचा एक थर, आतून प्लास्टरबोर्ड आणि एकेरी काचेच्या मोठ्या खिडक्या. व्हिक्टोरियात नव्या घरांना इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारं अस्तर, सक्तीचं झालं ते १९९१ पासून. त्याआधीच्या भाड्याच्या घरात छताखाली काय आहे, कुणास ठाऊक. असं घर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रात्रीसुद्धा निवत नाही. जानेवारी २००९ मध्ये अ‍ॅडलेडला एका रात्री किमान तापमानच ३३.९ होतं. त्याच लाटेत मेलबर्नने २८ ते ३० जानेवारीला ४३.४, ४४.३ आणि ४५.१ असे तीन दिवस काढले. रेल्वेचे रूळ वाकले, तिसऱ्या संध्याकाळी शहराच्या पश्चिम भागात लाखो लोकांची वीज गेली. आरोग्य खात्याच्या हिशेबाने त्या आठवड्यात व्हिक्टोरियात नेहमीपेक्षा ३७४ मृत्यू जास्त झाले, त्यातले बहुतेक वृद्धांचे. आठवडाभरानंतरच्या ‘ब्लॅक सॅटर्डे’च्या वणव्यात १७३ माणसं गेली. ती देशाला पाठ आहेत. उन्हाने गेलेली दुपटीहून जास्त माणसं कुणाला आठवत नाहीत.

आता खिडक्या. बाहेर ४३ आणि आत २८ असताना खिडकी उघडणं म्हणजे भट्टीला घरात बोलावणं. सकाळी लवकर सगळं बंद करा. पश्चिमेच्या काचेवर ऊन पडण्याआधीच ते बाहेरून अडवा: शटर, शेडक्लॉथ (उन्हाची जाळी), काहीच नसेल तर जुनी चादर. आतला पडदा ऊन घरात शिरल्यावर अडवतो, म्हणून त्याचा उपयोग कमी. संध्याकाळी नैर्ऋत्येकडून गार वारा आला, ज्याला इथे ‘कूल चेंज’ म्हणतात, की मग समोरासमोरच्या खिडक्या उघडा. मेलबर्नमध्ये तो आला की पारा अर्ध्या-एक तासात दहा-पंधरा अंशांनी उतरू शकतो. एकच अपवाद: छतावर इव्हॅपोरेटिव्ह कूलर असेल, म्हणजे आपला डेझर्ट कूलरच, तर खिडकी थोडी उघडी हवीच, नाहीतर दमट हवा आतच कोंडते. तो कोरड्या हवेत झकास चालतो, ब्रिस्बेनच्या दमट हवेत निरुपयोगी. आणि वणव्याचा धूर पसरला असेल तर तो धूरच घरात ओढतो, तेव्हा बंद.

पंखा वाईट नाही. पण खोलीच चाळिशीच्या वर गेली की तो अंगावर गरम वारा मारतो. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये काढलेली मर्यादा साधारण अशी: धडधाकट तरुणांना ३९ अंशांपर्यंत पंखा चालेल, पासष्टीच्या पुढे ३८ पर्यंत. वृद्धांना घाम कमी येतो. त्यांच्यासाठी कपडे, हात-पाय ओले करून मग पंखा लावावा.

एसी १६ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. बाहेर ४३ असताना तो १६ गाठणारच नाही, नुसता धापा टाकत राहील. २५-२६ वर ठेवा, भिंती तापण्याआधी, सकाळीच सुरू करा आणि एकाच खोलीचं दार लावून सगळे तिथे बसा. छतावर सोलर असेल तर सकाळची ती वीज फुकटच आहे. एसी नसेल तर दुपार लायब्ररीत किंवा मॉलमध्ये काढा.

कांद्याबद्दल काय बोलायचं? कोशिंबिरीत घाला.

गार पाण्याने रक्तवाहिनी फुटते, ही मात्र घातक थाप आहे. उष्माघाताच्या रुग्णाला हॉस्पिटलात बर्फाच्या पाण्याने गार करतात. तहान लागण्याआधी पाणी, ताक, पन्हं, जे जाईल ते घोट-घोट घ्या. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय किंवा लघवीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी लाटेच्या आधीच डॉक्टरांना विचारावं. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, शुद्ध हरपली, तर ००० या इथल्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत अंग भिजवा, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका, या तापावर ते चालत नाही.

आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, नसतं. त्यांच्या विम्यात अ‍ॅम्ब्युलन्स येते का, हे आजच काढून बघा, म्हणजे ऐन वेळी फोन हातात घेऊन कुणी बिलाचा हिशेब करत बसणार नाही.