कधीपासून?

युगांडाच्या राजधानीत, कंपालात, एखाद्या घरी मुलगा समलिंगी असल्याचं कळलं, की पहिला प्रश्न येतो: हे कुठे शिकलास? मुलगा शिकायला लंडनला गेलेला असेल, तर उत्तरही घरच्यांनीच ठरवलेलं असतं. तिकडचं वारं लागलं. ‘परदेशात जाऊन बिघडला’ हे आपल्या ओळखीचंच वाक्य.

इथे ब्रिटनमध्ये त्याच मुलाने आश्रय मागितला, तर अधिकारी नेमकं उलट विचारतो: हे इथे आल्यावर सुचलं की तिथे असतानाच होतं? घर म्हणतं, सगळं तिकडे गेल्यावर सुरू झालं. कचेरी म्हणते, घरी असतानाच होतं हे दाखव. दोघांच्या कात्रीत बावीस-तेवीस वर्षांचं पोर.

आधी त्या वाऱ्याचं बघू. युगांडाच्या जुन्या दंडसंहितेत ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांना शिक्षा आहे. ही भाषा आपल्या जुन्या दंडसंहितेतल्या ३७७ कलमाचीच. १८६० मध्ये इंग्रजांनी भारतात घातलेला साचा पुढे पूर्व आफ्रिकेत गेला. २००९ मध्ये अमेरिकेतल्या धर्मप्रचारकांनी कंपालात शिबिर घेतलं आणि त्याच वर्षी फाशीची तरतूद असलेलं विधेयक युगांडाच्या संसदेत आलं. बाहेरून आला तो हा द्वेष, समलिंगीपण नव्हे. मे २०२३ च्या कायद्यात समलिंगी संबंधांना जन्मठेप आहे, काही प्रकारांत मृत्युदंड. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने पोलिसांना खबर देण्याची सक्ती काढली, बाकी बहुतेक तसंच ठेवलं. (अख्ख्या आफ्रिकेला एकाच मापाने मोजू नये. दक्षिण आफ्रिकेत समलिंगी विवाह २००६ पासून कायदेशीर आहे, आपल्याकडे अजूनही नाही.)

ब्रिटनचं जुनं उत्तर सोपं होतं: परत जा आणि जपून राहा. इराण आणि कॅमेरूनच्या दोघांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये ते मोडीत काढलं. छळाच्या भीतीने लपून राहावं लागत असेल, तर तो माणूस निर्वासितच. तेव्हापासून सगळी ओढाताण एका मुद्द्यावर आली: तू खरंच तसा आहेस का? २८ जून २०२२ पासूनच्या अर्जांना या बाबतीत कसोटीही कडक झाली आहे.

बिघडतं ते बहुधा पहिल्या छोट्या मुलाखतीत. दुभाषा देशबांधव असतो, कदाचित त्याच चर्चच्या गोतावळ्यातला. मुलगा घाबरून ‘राजकीय त्रास’ सांगतो. काही महिन्यांनी मोठ्या मुलाखतीत खरं बोलतो आणि दोन जबाबांतली तफावत त्याच्यावरच शेकते. म्हणून पहिल्या दिवशी निदान एक वाक्य खरं सांगावं, तपशील नंतर भरता येतो. दुभाषा बाई हवी की पुरुष, हे आधी कळवावं. मोठ्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण मागावं. भाषेची अडचण वेगळीच. कंपालाकडच्या लुगांडा भाषेतला समलिंगींसाठीचा रूढ शब्द ‘एबिसियागा’ कानाला शिवीसारखा लागतो. समाजाचा स्वतःचा शब्द ‘कुचू’ आहे, पण तो दुभाष्याला ठाऊक असेलच असं नाही. स्वतःबद्दल शिवी वापरून सांगायचं, आणि वर चेहरा शांत ठेवायचा.

दुसरा घोळ उशिराचा. विद्यार्थी व्हिसावर आलेला मुलगा व्हिसा संपता संपता अर्ज करतो, आणि ही दिरंगाई त्याच्या विश्वासार्हतेला मारक ठरू शकते. जो शब्द वीस वर्षं मनातही उच्चारला नाही, तो परक्या अधिकाऱ्यापुढे काढायला दोन वर्षं लागली तर त्याला उशीर म्हणणं मला पटत नाही.

पुराव्यात खासगी क्षणांचे फोटो जोडू नयेत. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्येच असा पुरावा बाद ठरवला. जोडीदाराचं लेखी निवेदन, तारखांसकट जुने संदेश, आधारगटाचं पत्र यांना वजन असतं. ‘मुलगा चांगला आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र निरुपयोगी. किती काळ ओळखतो आणि स्वतः काय पाहिलं, ते त्यात हवं. लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या बाईला तर दुप्पट समजावून सांगावं लागतं.

आणि प्रेम? निकालाची वाट पाहताना हातात आठवड्याला साधारण ४९ पौंडांचा सरकारी भत्ता, जेवण मिळत असेल तर त्याहून बरेच कमी. पहिलं वर्षभर कामाची परवानगीही मागता येत नाही. खोलीतला दुसरा माणूस गावाकडचाच निघू शकतो. डेटिंग ॲपवर चेहरा दाखवला तर स्क्रीनशॉट कंपालाला पोहोचण्याची धास्ती. झाकला तर समोरचा खोटं खातं समजतो. त्यात ‘काळे नकोत’ असं लिहिणारेही भेटतात, आणि फक्त काळेच हवेत म्हणणारे, ते आणखी त्रासदायक. म्हणूनच २००५ मध्ये साउथएंडच्या सहलीतून सुरू झालेल्या यूके ब्लॅक प्राइडला, म्हणजे काळ्या समलिंगींच्या मेळाव्याला, इतकी गर्दी होते. तिथे काळेपण किंवा समलिंगीपण, यातलं काहीच दाराबाहेर काढून ठेवावं लागत नाही.

पुण्याचा समलिंगी मुलगा इथून गणपतीला घरी जाऊ शकतो, जोडीदाराला ‘मित्र’ म्हणून का होईना, आरतीला उभा करू शकतो. सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध ३७७ मधून वगळले, तेव्हापासून निदान कायद्याची भीती गेली आहे. कंपालाच्या मुलाला आश्रय मिळाला, की प्रवासाचं कागदपत्र मिळतं. आई आजारी पडली तरी ते चालत नाही असा एकच देश असतो, त्याचा स्वतःचा.