‘ड्रीख’ गेलिक नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘ड्रीख’ (dreich) हा स्कॉट्समधला, म्हणजे स्कॉटलंडमधल्या इंग्रजीच्या बहीणभाषेतला शब्द; तो गेलिकमधून, म्हणजे तिथल्या केल्टिक कुळातल्या भाषेतून आलेला नाही, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. “शेवटी घशातला ख आला की शब्द गेलिक, हे शेंबडं पोरही सांगेल, आणि ड्रीख म्हणजे इंग्रजीतलं साधं ड्रेरी (उदास, कंटाळवाणं), उगाच पांडित्य कशाला?” मतभेद जरूर असावेत, पण शेंबडं पोर काढायची काही गरज नव्हती. इथे वर्षानुवर्षं कोश उघडूनच लिहिलं जातं, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

स्कॉट्समध्ये गेलिकमधून शब्द आले, हे मान्यच. लॉख, ग्लेन, क्लॅन तिथलेच. पण नुसत्या ‘ख’वरून कूळ ठरत नाही. निख्ट म्हणजे रात्र, लिख्ट म्हणजे उजेड, दोख्टर म्हणजे मुलगी. तिन्ही अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातले. इंग्रजीने यांच्या (night, light, daughter) स्पेलिंगात जी-एच ठेवला आणि उच्चार गाळला; स्कॉट्सने उच्चारही सांभाळला. ड्रीखचा ख याच जातीचा. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ड्रेघ’ हे रूप सापडतं आणि जुन्या नॉर्समधला, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतला ‘द्र्यूगर’ त्याचा भाऊबंद. अर्थ : टिकणारा, पुरून उरणारा. स्वीडिशमध्ये आजही तासाहून थोडा जास्त वेळ झाला की ‘एन द्रीग टिम्मे’ म्हणतात, आणि संपता न संपणाऱ्या कामालाही द्रीगच.

म्हणून स्कॉट्समध्ये लांबच लांब रस्ता ड्रीख, रटाळ प्रवचन ड्रीख, उधारी फेडताना चालढकल करणारा माणूसही ड्रीख. आज शब्द ढगाळ, पावसाळी हवेसाठी जास्त ऐकू येतो, पण तिथेही मुद्दा पावसाच्या जोराचा नाही, तो हटत नाही याचा. आपल्याकडे झड लागते, तसा.

‘ड्रेरी’ वेगळाच. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘ड्रेओरिग’वरून, म्हणजे रक्ताळलेला, ‘ड्रेओर’ म्हणजे सांडलेलं रक्त. अर्थ आज शेजारी आलेत, रक्ताचं नातं नाही.

तुम्ही पर्यटकांसाठीच्या शब्दसूचीचा हवाला देता. तीत आजचा अर्थ असतो, व्युत्पत्ती नसते. घोळ तिथेच होतो. 1700 नंतरच्या वापरासाठी स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी बघा. नोंदीच्या शेवटी चौकोनी कंसात व्युत्पत्ती असते. त्याआधीच्या वापरासाठी डिक्शनरी ऑफ द ओल्डर स्कॉटिश टंग. दोन्ही एकाच संकेतस्थळावर फुकट आहेत. शोधताना ‘सी-एच’ आणि ‘जी-एच’ दोन्ही स्पेलिंगं टाका, नाहीतर जुनी उदाहरणं हातून निसटतात.

लेखाची लांबी, फॉन्ट वगैरेंबद्दलच्या तुमच्या तक्रारींवर बोलत बसत नाही. गेलिकचा दावा कायम असेल, तर गेलिकमधलं जुनं रूप आणि त्याचं साल द्या. लेखात जोडेन.