आधी बाह्या कापून घ्या

सात वर्षं छोट्या पडद्यावर समजूतदारपणे वागून झाल्यावर मोठ्या पडद्याचं बोलावणं आलं, तर माणसानं काय करावं? साताऱ्यात राहून हा प्रश्न आपल्याला कशाला पडेल, असं म्हणू नका. आज तुम्ही कॉलनीचे चेअरमन आहात. टाकीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या दोन बिऱ्हाडांना समोरासमोर बसवता, चहा पाजता आणि तासाभरानं दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायला लावून घरी पाठवता. उद्या पोवई नाक्यावर तुमचा फ्लेक्स लागणारच नाही, असं कोणी सांगावं? तयारी असलेली बरी. आणि गुरू करायचाच तर 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळकथांमधले, अंतराळजहाजाचे कॅप्टन जाँ-ल्यूक पिकार्ड करावेत. १९८७ ते १९९४ या काळात 'द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेचे १७८ भाग या गृहस्थांनी बहुतांशी बोलून निभावले, आणि पुढच्या चार चित्रपटांत ते सगळं कसं निस्तरायचं तेही दाखवून दिलं.

सुरुवात बैठका बंद करण्यापासून करा. मालिकेत संकट आलं की पिकार्डसाहेब अधिकाऱ्यांना लांब टेबलाभोवती बसवत, काय करू या म्हणून विचारत, आणि मुख्य म्हणजे उत्तर येईपर्यंत गप्प राहत. परग्रहावर उतरायचं तर दुय्यम अधिकारी रायकर जाणार. कॅप्टननं जहाज सोडायचं नाही, हा रायकरचा पहिल्या भागापासूनचा हेका. पण तिकीट काढून आलेला माणूस टेबल बघायला येत नाही. तेव्हा स्वतः उतरा, बंदूक स्वतः घ्या. रायकरसारखा अडवणारा सहकारी असेल तर त्याला दुसऱ्या कामाला जुंपा. चित्रपटवाल्यांनी तर रायकरची भूमिका करणाऱ्या जोनाथन फ्रेक्सना थेट दिग्दर्शकाच्या खुर्चीतच बसवलं, तेही दोन चित्रपटांना. आता कोण अडवणार?

पोशाखाचं बघून घ्या. मालिकेत साहेब खुर्चीतून उठले की युनिफॉर्मचा जाकीट दोन्ही हातांनी खाली ओढत. माणूस विचार करतोय, एवढं त्यातून कळायचं. १९९६ च्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' या चित्रपटात शेवटी शेवटी ते बिनबाह्यांच्या बंडीत लोंबकळताना दिसतात. पिकार्डची भूमिका करणारे पॅट्रिक स्ट्युअर्ट तेव्हा ५६ वर्षांचे होते. आपल्याकडे या वयाला माणूस पेन्शनचे कागद जुळवत असतो आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालायला जातो. तुम्हीही जा, पण बंडीत जा आणि कोणाला तरी व्हिडिओ काढायला लावा.

आता स्वभावाकडे वळू. हा धडा जरा नीट शिकावा लागेल, कारण मालिकेनं गुरूंच्या अंगी फार वाईट सवयी लावून ठेवल्या होत्या. बोर्ग नावाची यंत्रमानवांची टोळी १९९० साली पिकार्डना पळवते, त्यांच्या अंगात तारा घालते आणि त्यांच्याच माणसांवर त्यांना सोडते. सुटका झाल्यावर दुसऱ्या कोणी सूड उगवला असता. यांनी काय केलं? फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यात थोरल्या भावाकडे गेले, त्याच्याशी चिखलात लोळून मारामारी केली, दोघं हसले, आणि मग हे त्याच्यासमोर ओक्साबोक्शी रडले. आख्खा एक भाग त्यात घालवला! एकही स्फोट नाही. पुढे १९९२ मध्ये एक जखमी, पोरगेलासा बोर्ग आयता हातात सापडला. त्याच्या डोक्यात विषारी प्रोग्रॅम भरून परत पाठवलं की सगळी जमात खलास, असा बेत ठरला. साहेबांनी त्याची परीक्षा घेतली आणि तो पोरगा चक्क 'मी' म्हणाला, मदत करणार नाही म्हणाला. झालं, बेत रद्द. शत्रूलाही 'मी' असतो, एवढ्या कारणावरून!

असला माणूस घेऊन सिनेमा चालेल का? म्हणून चार वर्षांनी, 'फर्स्ट कॉन्टॅक्ट'मध्ये, त्याच बोर्गसमोर तेच पिकार्ड जुन्या गँगस्टरांची मशिनगन घेऊन उभे राहिले. दोघांना आडवं केल्यावरही थांबेनात, दस्त्यानं हाणायला निघाले. त्यातला एक आदल्या दिवसापर्यंत त्यांच्याच जहाजावरचा अधिकारी होता, पण एवढ्यातेवढ्यावरून दृश्य अडवायचं नसतं. जहाज सोडू या म्हणणाऱ्या वॉर्फसारख्या आपल्याच लढवय्या अधिकाऱ्याला भेकड म्हणून मोकळे झाले. मग लिली नावाच्या बाईनं, हा सूड आहे असं तोंडावर सांगितलं तेव्हा साहेबांनी बंदूक फिरवली ती काचेच्या कपाटावर. आत आधीच्या जहाजांच्या सोनेरी प्रतिकृती मांडलेल्या. काचांचा खच, त्यात पडलेली इवली इवली जहाजं, आणि मध्ये धापा टाकणारे आपले साहेब. लिली त्यांना 'मोबी डिक' कादंबरीतल्या, सूडानं पिसाटलेल्या कॅप्टन एहॅबचं नाव देते, नंतर ती कादंबरी आपण वाचलेलीच नाही असंही सांगून टाकते. (दृश्य झकास आहे, शिट्टी मारावीशी वाटते. शिट्टीचा मोह होतो, हीच तर मोठ्या पडद्याची ताकद.) यातून घ्यायचा धडा सोपा आहे. ऑफिसात ट्रॉफींचं कपाट ठेवा. ऐन वेळी फोडायला काहीतरी हाताशी असलेलं बरं.

फायलींचा नाद सोडा. १९९४ साली, मालिका संपत आली असताना, पिकार्डना हुकूम आला की सीमेच्या तहात एक ग्रह पलीकडे गेलाय, तिथले रहिवासी हलवा. साहेबांनी काय करावं? वरिष्ठ अॅडमिरलबाई जहाजावर आल्या तेव्हा त्यांच्या आवडीचा फराळ मांडून ठेवला. साहेबाच्या टेबलावर कंदी पेढ्यांचा पुडा ठेवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मग गाऱ्हाणं मांडलं, ते ऐकलं गेलं नाही, आणि साहेब मान खाली घालून हुकूम बजावायला गेले. शेवटी रहिवाशांनी नागरिकत्व सोडून तिथेच, परक्या राजवटीखाली राहायचं ठरवलं. कोणीच जिंकलं नाही. पाटणकडे कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, त्यांच्या नातवंडांना हा भाग दाखवा. फराळापासून मान खाली घालण्यापर्यंत सगळं त्यांना ओळखीचं वाटेल. म्हणूनच तो सिनेमाच्या कामाचा नाही. १९९८ च्या 'इन्सरेक्शन'मध्ये प्रश्न तोच, सहाशे माणसं हलवायची. यावेळी साहेबांनी कॉलरवरच्या हुद्द्याच्या टिकल्या काढून ठेवल्या, हत्यारं गोळा केली आणि निघाले. दोन तासांत पुनर्वसनाचा प्रश्न निकालात. कलेक्टर कचेरीसमोर मांडव घालून बसलेल्या माणसांना एवढी साधी युक्ती का सुचत नाही, कोण जाणे.

सहकाऱ्यांची फार काळजी करू नका. मालिकेत डॉक्टरीणबाईंपासून आंधळ्या इंजिनिअरपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला अधूनमधून आख्खा भाग यायचा. सिनेमात एकेक विनोद द्या, तेवढ्यावर खूश राहतात.

शेवटी वाहन. १९८९ मध्ये एका मागासलेल्या ग्रहावरचे भाबडे लोक पिकार्डना देव समजू लागले. तो गैरसमज काढायला साहेब स्वतः त्यांच्यासमोर उभे राहिले आणि बाण खाल्ला. रक्त आलं, देवपण गेलं. अप्रगत संस्कृतीत ढवळाढवळ करायची नाही, हा त्यांच्या नोकरीतला पहिला नियम. २००२ च्या 'नेमेसिस'मध्ये तेच साहेब तशाच एका ग्रहावर चार चाकांची उघडी गाडी उडवत गेले. मागे बंदुकीवर वॉर्फ, पाठीवर स्थानिकांच्या गाड्या, दोन्ही बाजूंनी गोळीबार, आणि चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर शाळकरी आनंद. नियम कोणाला आठवलाच नाही. आपल्याला हे शिकायला परग्रह लागत नाही. कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं तरी, फुलांच्या दिवसांत तिथे येऊन, गाडी आत घेऊ द्या, दोनच मिनिटं, म्हणून अडून बसणारे शिष्य दर रविवारी सापडतात.

फक्त एक लक्षात ठेवा. 'नेमेसिस' आपटला आणि मोठ्या पडद्यावरचं बोलावणं तिथेच संपलं. पुढे २०२० मध्ये साहेब पुन्हा मालिकेत परतले, म्हातारे, निवृत्त, त्याच द्राक्षमळ्यात राहणारे, आणि परत बोलायला लागले. स्ट्युअर्ट तेव्हा ७९ वर्षांचे होते. तुमचं वय काय म्हणालात?