मारेकरी सापडला नाही, तर जवळच्या गावाने काय करायचं?

गुन्ह्याची बातमी आली की ग्रुपवर पहिली चौकशी आडनावाची. आडनाव ‘त्यांचं’ निघालं की ‘ही जमातच तसली’ म्हणून सगळे मोकळे. आपल्यातलाच निघाला, तर तो एकटा माथेफिरू. सामूहिक जबाबदारी आपण कायम दुसऱ्याच्याच गळ्यात घालतो. म्हणून ज्यू धर्मशास्त्रातला एक जुना विधी मला महत्त्वाचा वाटतो.

तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ; त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात तो आहे. शिवारात प्रेत सापडलंय, खुनी कोण ते कळत नाही. मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह, सांगते, यरुशलेमच्या न्यायसभेतून माणसं यायची आणि प्रेतापासून गावांपर्यंतचं अंतर मोजायची. मोजायचं कुठून, यावरही वाद! रब्बी (धर्मपंडित) एलिएझर म्हणतात बेंबीपासून, रब्बी अकिवा म्हणतात नाकापासून. सगळ्यात जवळच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी मानेवर कधी जू न चढलेली कालवड ओढ्यावर न्यायची, तिची मान मोडायची, हात धुवायचे आणि म्हणायचं, हे रक्त आमच्या हातांनी सांडलेलं नाही.

मग मिश्नाच विचारते, या मंडळींनी खून केला असं कुणाच्या मनात तरी येईल का? नाही. त्यांना सांगायचं असतं ते वेगळंच: हा माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला उपाशी घालवला, असं झालं नाही, आम्ही त्याला पाहिलं आणि सोबत न देता जाऊ दिलं, असंही नाही. खुनाची चौकशी भाकरीपाशी येऊन ठेपते.

‘सगळे इस्रायली एकमेकांना जामीन’ हे तालमूदमधलं (मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथातलं) वचन बरेचदा ऐकवलं जातं. मला त्याहून तिथली गाय आवडते. रब्बी एलाझार बेन अझरिया यांची गाय शब्बाथला, म्हणजे जनावरांनाही ओझं वाहायला न लावण्याच्या विश्रांतीच्या दिवशी, शिंगांत पट्टा बांधून बाहेर पडायची, हे इतर रब्बींना पसंत नव्हतं. खरं तर गाय शेजारणीची. यांनी शेजारणीला हटकलं नाही, म्हणून ती यांच्या नावावर चढली! तिथेच म्हटलंय, जो घरच्यांना अडवू शकतो आणि अडवत नाही, तो घरच्यांसाठी जबाबदार. जो गावाला अडवू शकतो, तो गावासाठी. सगळी मेख त्या ‘शकतो’मध्ये आहे. नुसतं त्या समाजात जन्मलात म्हणून दोषी नाही. तुमचा शब्द जिथवर चालतो, तिथवर तुम्ही बांधलेले.

यातून गावकीचा जाच उभा राहू शकतो, हे खरंच. वाळीत टाकण्याविरुद्ध आपल्याकडे २०१६चा कायदा करावा लागला, तो उगाच नाही. मैमोनिडीस या मध्ययुगीन ज्यू धर्मपंडिताने चुकणाऱ्याला आधी एकांतात, मऊ शब्दांत समजवायला सांगितलं. पण धर्माच्या बाबतीत कुणी ऐकलंच नाही, तर चारचौघांत लाज काढायलाही मुभा दिली. इथे माझं त्याच्याशी पटत नाही.

कालवडीचा विधी पुढे बंद पडला. मिश्ना म्हणते, खुनी फार झाले तेव्हा. एलाझार बेन दिनाई या कुख्यात खुन्याचं तर नावच तिने घेतलंय. मारेकरी कोण हे उघड असताना शेजारच्या गावाला हात धुवायला लावण्यात अर्थ उरला नव्हता.