ग्रँटने रसद तोडली नव्हती, फिरवली होती

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेने मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्ग या दक्षिणेच्या शहराला घातलेल्या वेढ्याबद्दल एक गोष्ट सारखी फिरत असते. उत्तरेच्या जनरल ग्रँटने मे 1863 मध्ये स्वतःची रसद स्वतःच्याच हाताने तोडली, फौज मुलूख लुटून जगवली आणि मग 47 दिवस शहराभोवती नुसता बसून राहिला. आत शेवटचा दाणा संपला, तेव्हा मूळचा उत्तरेचा, म्हणजे फितूरच, असलेल्या पेंबर्टनने, म्हणजे शहर राखणाऱ्या दक्षिणेच्या सेनापतीने, मुद्दाम 4 जुलैचा, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, मुहूर्त साधून शहर दिलं. गोष्ट झकास आहे. पण पानिपत वाचलेल्या माणसाला रसद आपणहून तोडणारा सेनापती एक तर वेडा वाटतो, नाहीतर अवतारी पुरुष. ग्रँट दोन्ही नव्हता.

रसदेचंच आधी घेऊ. हा समज पसरायला खुद्द ग्रँटच्या आत्मचरित्राने हातभार लावला, हे कबूल. डिसेंबर 1862 मध्ये दक्षिणेच्या जनरल व्हॅन डॉर्नने हॉली स्प्रिंग्जचं त्याचं कोठार जाळलं, तेव्हा आसपासच्या मुलखात किती खायला मिळतं हे त्याला कळलं होतं. मका, डुकरं, कोंबड्या तिथे होत्याच. पण काडतुसं काही शेतात उगवत नाहीत. 30 एप्रिलला फौज ब्रुइन्सबर्गला मिसिसिपी नदी उतरली, तेव्हा सामानाच्या गाड्या मागेच होत्या. मग जमीनदारांच्या वाड्यांतल्या उंची बग्ग्या ओढून आणल्या, त्यांना नांगराच्या दोरखंडांनी खेचरं जुंपली आणि गाद्यांच्या जागी दारूगोळ्याच्या पेट्या रचल्या. लग्नाच्या वरातीत शोभावी अशी बग्गी, आत काडतुसं! हा थाट रसदेवर पाणी सोडलेल्या माणसाचा नव्हे. 9 मेला ग्रँट आपल्या हाताखालच्या जनरल शर्मनला लिहितो, त्याचा आशय असा: नदीकाठच्या ग्रँड गल्फहून पुरा शिधा येणं शक्य नाही, कडक बिस्किटं, कॉफी आणि मीठ जमेल तेवढं आणू, बाकीचं मुलूख देईल. त्याप्रमाणे बंदोबस्तात गाड्यांचे तांडे येतही राहिले. वाट बारीक होती, इतकंच.

18-19 मेच्या सुमारास याझू नदीकाठचे उंचवटे हाती आले आणि आगबोटींना थेट फौजेच्या पाठीशी येता येऊ लागलं. 21 मेला ग्रँट रांगेमागून जात असताना एका शिपायाने त्याला ओळखलं आणि हळूच म्हणाला, ‘हार्डटॅक’. हार्डटॅक म्हणजे ती दगडासारखी बिस्किटं. बघता बघता सगळी रांग तेच ओरडू लागली. रस्ता बांधायचं काम चालू आहे, असं ग्रँटने सांगितलं, तशी त्या ओरड्याची जागा जयघोषाने घेतली. रात्रीपर्यंत सगळ्यांना पुरा शिधा मिळाला.

गंमत पुढेच आहे. 7 जूनला दक्षिणेच्या फौजेने ग्रँटची रसद तोडायची म्हणून मिसिसिपीच्या पलीकडच्या काठावर मिलिकेन्स बेंडच्या तळावर हल्ला केला. नुकत्याच भरती झालेल्या कृष्णवर्णीय पलटणींनी हातघाईची लढाई दिली आणि गनबोटींच्या मदतीने तळ राखला. पण हल्ला यशस्वी झाला असता तरी रसद तुटणार नव्हती. ती केव्हाच याझूवरून येऊ लागली होती.

‘नुसता बसून राहिला’ हे तर सरळ चूक. 19 आणि 22 मेला त्याने हल्ले केले. 22 तारखेला एका दिवसात त्याची 3,000 हून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्यानंतर मग कुदळ-फावडं. चर खणत खणत तटापर्यंत जाऊन 25 जूनला लुइझियाना पलटणीच्या बुरुजाखाली 2,200 पौंड दारूचा सुरुंग उडवला, 1 जुलैला दुसरा. तिसरा मोठा हल्ला 6 जुलैला ठरला होता. शिवाय पाठीवर दक्षिणेच्या जनरल जॉन्स्टनची फौज होती, म्हणून बरीच माणसं पूर्वेकडे तोंड करून उभी.

‘शेवटचा दाणा’ यात अर्धं खरं आहे. आतल्या शिपायांना वाटाण्याच्या पिठाचा पाव मिळत होता आणि शेवटी खेचराचं मांसही आलं. तरी पेंबर्टनच्याच अहवालात शरणागतीच्या वेळी सुमारे 40,000 पौंड डुकराचं मांस आणि 51,000 पौंडांवर तांदूळ शिल्लक दिसतो. जवळजवळ तीस हजार तोंडांत ते मांस वाटलं तर माणशी दीड पौंडही येत नाही, आणि तेही वेढा फोडून निघायची वेळ आली तर म्हणून राखलेलं. 1 जुलैला त्याने आपल्या चार सेनानींना विचारलं, माणसं चालून बाहेर पडू शकतील का? बहुतेकांचं उत्तर नाही असंच होतं. सहा आठवडे उन्हातान्हात, पाळी न बदलता, अर्ध्या पोटी चरांत काढल्यावर पायात बळ कुठून येणार?

फितुरीबद्दल फार लिहायची गरज नाही. पेंबर्टन फिलाडेल्फियाचा, बायको व्हर्जिनियाची. 4 जुलैला चांगल्या अटी मिळतील, असा त्याचा हिशेब होता. पुढे लेफ्टनंट जनरलचा हुद्दा सोडून तो दक्षिणेकडूनच तोफखान्यात लेफ्टनंट कर्नल म्हणून राहिला. फितूर असं करत नाही.

आणि त्या अटी? ग्रँटने आधी बिनशर्त शरणागती मागितली, मग सुमारे 29,500 जणांना पुन्हा न लढण्याच्या वचनावर सोडून दिलं. दया असेलही, पण त्याने स्वतः दिलेलं एक कारण वाहतुकीचं आहे: एवढे कैदी उत्तरेला न्यायचे तर त्यात किती बोटी अडकल्या असत्या! शहर हाती आलं, तेव्हा त्याच्या शिपायांनी आपल्या झोळ्यांतला पाव काढून समोरच्यांना दिला. तो पाव याझूवरून आलेला होता.